वीस खुर्च्या आणि पाळणा

सासऱ्यांनी वाटणी केली तेव्हा निवड आम्हाला आधी दिली होती, हे अगोदरच सांगून टाकते. पुढं मी जे केलं ते अन्याय झाला म्हणून केलं, असं कुणाला वाटायला नको. अन्याय माझ्यावर कुणी केलाच नव्हता.

कुंभार पिंपळगावात आमचं मंडप-बिछायतीचं काम चाळीस वर्षांपासूनचं. सासरे कडूबा आप्पा एका सतरंजीवर धंद्याला लागले, असं तेच सांगायचे. त्यांना दोन मुलं. थोरले सोमेश्वर, म्हणजे माझे यजमान, आणि धाकटे भारत. भारतभाऊजींची बायको दैवशाला, माहेर केदारखेड्याचं. वाटणीच्या दिवशी आप्पांनी सगळं सामान अंगणात काढायला लावलं आणि त्याचे दोन ढीग केले. एकात मंडपाच्या लोखंडी पायपा, कापड, झालरी, कमान, मखमली खुर्च्या आणि नवरानवरीचा सिंहासनासारखा सोफा. दुसऱ्यात साठ प्लास्टिकच्या खुर्च्या, ताटं, पातेली, पराती, सतरंज्या आणि एक सागवानी पाळणा. आप्पा म्हणाले, थोरल्यानं आधी घ्यावं. हे घुटमळले. मी मागून हळूच म्हणाले, मोठं घ्या.

दैवशाला हसली होती. "बाईनी बराबर केलं," म्हणाली. "मला बी हेच पाहिजे होतं."

तेव्हा मला ते समजूतदारपणाचं बोलणं वाटलं. पुढं तेच बोलणं पायात मोडलेल्या काट्यासारखं मला चालताना जाणवत राहिलं.

आप्पांचा जुना फोन नंबर थोरल्या घरी राहिला. तो गावभर पाट्यांवर, भिंतींवर, जुन्या पत्रिकांवर होता, बदलता येण्यासारखा नव्हता. ठरलं असं की त्यावर किरकोळ कामाचा फोन आला की आम्ही भिंतीपलीकडं दैवशालाला सांगायचं. किरकोळ म्हणजे बारसं, सत्यनारायण, दहाव्याचं जेवण, बचतगटाची बैठक, कुणाकडं मुलगी पाहायला पाहुणे येणार असतील तर दहा खुर्च्या. आणि लग्नाचा फोन तिच्याकडं गेला तर तिनं आम्हाला सांगायचं. वर्षभरानं आप्पा गेले. ठरलेलं मात्र तसंच चाललं.

वाटणीला तीन वर्षं झाली. लग्नसराई म्हणजे वर्षातले वीस-पंचवीस दिवस. त्यातही रस्त्याच्या कडेनं मंगल कार्यालयं झाली, त्यांचा मंडप त्यांचा, त्यांच्या खुर्च्या त्यांच्या. आमच्या पायपा शेडमध्ये पडून राहायला लागल्या. एकदा गौरींच्या आधी कापड उलगडलं तर आतून उंदराची पिल्लं निघाली, गुलाबी, डोळेही न उघडलेली. झालरीला भोकं पडली होती. वापरातली वस्तू टिकते आणि ठेवलेली कुजते, हे आप्पा म्हणायचे ते मला त्या दिवशी कळलं.

दैवशालाच्या खुर्च्या कुजायला सापडतच नसत. सकाळी गेल्या तर संध्याकाळी परत, परत आल्या की दुसरीकडं. ती पाच खुर्च्यांनाही नाही म्हणत नसे. रामप्रसादचा टेम्पो ठरलेला होता. ती स्वतः त्यात पुढं बसून जायची, उतरवलेली एकेक खुर्ची ओल्या फडक्यानं पुसायची, मांडून द्यायची. ताटं परत घेताना पाहुण्यांसमोर कधी मोजायची नाही. मागितली त्याहून दोन जास्त न्यायची. आमचे हे हसायचे, पाच खुर्च्यांसाठी गाडी काढते म्हणून. मीही हसायचे. पण हसून झालं की तिची गाडी वळणापर्यंत बघत राहायचे.

कारण पाच खुर्च्या नेऊन ती जे घेऊन यायची, ते मला मिळत नव्हतं. कुणाच्या घरात कोण आजारी आहे, कुणाची लेक बाळंतपणाला आली, कुणाच्या म्हातारीचे गुडघे दुखतात, सगळं तिला ठाऊक. श्रावणात तिची ओटी चार घरी भरायची. मी एकादशी करते, सोमवार करते, गुरुवार करते. पहाटे देवळात माझ्या आधी कुणी नसतं. पण मी देवळात गेले की बायका सरकून मला जागा द्यायच्या, आणि दैवशाला आली की सरकून तिला जवळ घ्यायच्या. हा फरक पुरुषांना दिसणार नाही. मला तो रोज दिसायचा. हात जोडून डोळे मिटले की देवाच्या जागी तिच्या त्या प्लास्टिकच्या खुर्च्या यायच्या.

पाळण्याचं तर विचारूच नका. त्या पाळण्यात माझी दोन्ही लेकरं निजली होती. आता तो गावातल्या प्रत्येक बारशाला जायचा आणि बायका म्हणायच्या, दैवशालाचा पाळणा आला.

चातुर्मासात मी मौनाचा नेम धरते. सकाळी आंघोळ झाल्यापासून पोथीचा अध्याय संपेपर्यंत, म्हणजे साधारण दहापर्यंत, कुणाशी बोलायचं नाही. हे गावाला गेले की फोन माझ्याजवळ ठेवून जातात. वाजून बंद पडू द्यायचा नाही, एवढंच त्यांचं सांगणं. मी उचलते आणि हुंकार देते. ओळखीच्यांना माहीत आहे, ते म्हणतात, दहानंतर करतो.

त्या गुरुवारी हे शहागडला गेले होते. गोदावरीच्या पुलाजवळ कुणाच्या तरी नव्या दुकानाचं उद्घाटन होतं, मंडप लागेल असं ऐकलं होतं. साडेआठला फोन वाजला. बाई बोलत होती, म्हातारी, पण आवाज खणखणीत. मळ्यातून बोलते म्हणाली, मोसंबीच्या बागेतून, चांगुणाबाई. मुलगा मच्छिंद्र, सून साधना, आणि नऊ वर्षांनी घरात लेकरू आलंय, मुलगी. शनिवारी बारसं. नऊ वाजता वीस खुर्च्या, एक सतरंजी, पन्नास ताटं आणि पाळणा पाहिजे.

"दैवशालाचा नंबर माझ्यापाशी न्हाई. ह्याच नंबरावर सांगितलं तरी तिला पोचतं म्हणत्यात. पोचतं ना?"

मी हुंकार दिला.

तिथं थांबली असती तर बरं झालं असतं. पण चांगुणाबाईला बोलायला माणूस मिळालं होतं आणि ते मधे बोलत नव्हतं. दैवशालानं तिच्या बहिणीच्या घरी कसं केलं, पावसात खुर्च्या कशा आणल्या, सांगता सांगता म्हणाली, "लई गुणाची बाई. तिची एक मोठी जाऊ हाय म्हणं मंडपावाली. ती आपल्यासारख्याकडं पाहत बी न्हाई. सोवळ्यात राहती म्हणं. देवाला वीस खुर्च्या न्हाई लागत ना, मंग तिला कशाला कळतंय."

आणि ती स्वतःच हसली.

माझ्या तोंडापर्यंत शब्द आले होते. मौन होतं. मी परत हुंकार दिला. ती म्हणाली, बरं मंग, सांगा तिला, आणि फोन ठेवला.

मी अध्याय वाचला. काय वाचलं ते आठवत नाही. दहा वाजले, मौन सुटलं. भिंतीपलीकडून भांडी घासल्याचा आवाज येत होता. एक हाक मारायची होती. मी मारली नाही. दुपारी नळावर ती भेटली तेव्हा सांगितलं नाही. संध्याकाळी ती बेलाची पानं घेऊन दारात आली, ती घेतली, तरी सांगितलं नाही. मी मनाशी म्हणत होते, मी होकार कुठं दिलाय. मी बोललेच नाही तर होकार कसला.

शुक्रवारी जिवतीची पूजा होती. लेकराबाळांच्या रक्षणासाठी करतात ती. माझी आटोपली होती, मौन सुटलं होतं, आणि दैवशाला आली. नवं लुगडं नेसलेली. केदारखेड्याला भावाच्या घरी पूजा आहे, भारतभाऊजींबरोबर आजच जाऊन उद्या दुपारपर्यंत परत येते, असं सांगत होती. जाता जाता तिनं विचारलं, "माझ्यासाठी फोन तर आल्ता न्हाई ना बाई? असला तर मी जात न्हाई."

"असता तर सांगितला असता," मी म्हणाले.

सकाळभर जीभ बांधून ठेवली होती, आणि सुटल्यावर माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते हे.

ती गेली. घराला कुलूप, किल्ली तिच्या पिशवीत. दिवसभर चांगुणाबाईचा नंबर फोनमध्ये होता. जमत नाही, दुसरीकडं बघा, एवढं सांगायला एक मिनिट लागलं असतं. मी फोन हातात घ्यायचे आणि ठेवायचे. खरं सांगायचं तर मला ते घडायला हवं होतं. एक दिवस तरी लोकांनी म्हणावं, दैवशालाची गाडी आलीच नाही. एक दिवस तरी तिच्या नावाला डाग लागावा. मी माझ्या तोंडानं कुणाचं वाईट बोलत नाही. लोकांनी बोलावं आणि मी ऐकावं, एवढीच माझी इच्छा होती.

शनिवारी साडेनऊला फोन वाजला. हे घोंगडी पांघरून ओसरीवर बसले होते, रात्री ताप आला होता. फोन माझ्याच हातात होता. मी पोथीपुढं होते. उचलला. आता शिव्या येतील म्हणून कान तयार ठेवले होते.

चांगुणाबाईचा आवाज खाली आला होता. "अवं, दैवशालाला काई झालं तर न्हाई ना? ती चुकायची न्हाई. म्हणलं, गाडी पलटली का काय रस्त्यात. आमच्या मळ्याची वाट लई वाईट हाय, चिखल झालाय. मच्छिंद्रला पाठवू का पाहायला? खुर्च्याचं राहू द्या. ती बरी हाय ना, एवढं सांगा."

मी पोथी मिटली.

तीन वर्षं मी मोठी लग्नं पाहिली होती. झालरीचा रंग जरा वेगळा आला तर मंडपातल्या पन्नास माणसांदेखत ह्यांना बोलणारी माणसं पाहिली होती. कमान उशिरा आली तर ह्यांचं काय झालं असेल, असं एकाही वधूपित्यानं कधी विचारलं नव्हतं. आणि इथं नऊ वर्षांनी आलेल्या नातीचं बारसं बाजूला ठेवून ही बाई विचारत होती, ती बरी आहे ना.

मला दैवशालाचा इतका मत्सर त्याआधी कधी वाटला नव्हता, आणि नंतरही वाटलेला नाही. आणि त्याच मिनिटाला मी नेम मोडला.

"मावशी," मी म्हणाले, "दैवशाला बरी हाय. सामान निघालंय. अर्धा तास द्या."

हे ओसरीवरून वळून पाहायला लागले. माझा आवाज दहाच्या आधी त्यांनी महिनाभरात ऐकला नव्हता.

सामान कुठलं निघालं होतं. दैवशालाच्या घराला कुलूप. आमच्या शेडमध्ये जे होतं तेच काढलं. वीस मखमली खुर्च्या, सोनेरी पाठीच्या. सतरंजीच्या जागी लग्नातला लाल गालिचा. ताटं आमच्या ढिगात नव्हतीच. मी देवळात गेले, पुजाऱ्याला विनंती केली आणि भंडाऱ्याची पन्नास ताटं मागून घेतली. पाळणा नव्हता. त्याच्यासाठी पाच पायपा आणि जोडायच्या कड्या घेतल्या. हे विचारत होते, कुणाकडं चाललीस, काय काम आहे. येऊन सांगते म्हणाले.

रामप्रसादनं टेम्पो लावला आणि सामानाकडं पाहून डोकं खाजवलं. "वहिनी, बारसं हाय म्हणलात ना? का लेकराचं लगीन बी आजच उरकायचं?"

 पदर खोचला आणि पुढं बसले. दैवशाला बसायची त्याच जागी. तिथं सीटवर तिचं ओलं फडकं वाळून कडक झालेलं पडलं होतं.

मळ्याची वाट खरंच वाईट होती. दोनदा चाक रुतलं. मोसंबीच्या दोन रांगांमधून टेम्पो गेला तेव्हा फांद्या खुर्च्यांच्या सोनेरी पाठीवर आपटत होत्या. घर म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या आणि पुढं शेणानं सारवलेलं अंगण. तीसेक बाया अंगणात उकिडव्या बसल्या होत्या. टेम्पो दिसला तशी चांगुणाबाई पुढं आली. कमरेत वाकलेली, कपाळावर मोठं गोंदण. तिनं आधी टेम्पोत दैवशाला आहे का ते पाहिलं.

"माहेरी गेलीय," मी म्हणाले. "मला पाठवलंय."

हे तिसरं खोटं. पण हे सांगताना मला काही वाटलं नाही.

मी खुर्च्या उतरवल्या. मच्छिंद्र मदतीला आला. शेडमधली लग्नसराईपासूनची धूळ मखमलीवर होती. फडकं भिजवलं आणि एकेक पुसत गेले. मखमल ओली झाली, तिचा रंग हाताला लागला. बाया बसायला तयार होईनात. एक म्हणाली, ह्याच्यावर बसलं तर आमचं फोटो काढतील का काय. दुसरी म्हणाली, बस, तुझ्या लग्नात तुला पोत्यावर बसवलं होतं, आज भरून निघू दे. मग सगळ्या हसत हसत बसल्या, उरलेल्या गालिच्यावर. त्या अंगणात त्या खुर्च्या इतक्या वेड्यासारख्या दिसत होत्या की मलाही हसू आलं.

पाळण्याचं सोपं नव्हतं. दोन्ही बाजूंना दोन दोन पायपा तिरक्या रोवून वर पाचवी आडवी टाकली, कड्या आवळल्या. चांगुणाबाईचं धुवून धुवून मऊ झालेलं लुगडं मागून घेतलं, त्याची झोळी बांधली. आप्पा मंडपाच्या दोरीला मारायचे ती गाठ मारली, ओढलं की आणखी आवळणारी. झोळीत आधी अर्धं पोतं गहू ठेवला आणि मच्छिंद्रला झोका द्यायला लावला. पायप हलली नाही. मग गहू काढला. साधना घरातून लेकराला घेऊन आली. बारकीशी, केस भरपूर, मुठी आवळलेल्या. झोळीत ठेवली तशी डोळे उघडून वरच्या पायपेकडं पाहत राहिली.

पाळणा म्हणायला कुणाला येत नव्हता. बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. मला सगळे येतात. मी म्हटला. सकाळचा आवाज इतके दिवस वापरला नव्हता म्हणून की काय, चांगला लागला. आत्यानं कानात नाव सांगितलं, राजनंदिनी. तीस बायांनी ते आपापल्या तोंडून म्हणून पाहिलं.

जेवणं झाल्यावर बाया माझ्याभोवती बसल्या. कुणी विचारलं, तुमचं माहेर कुठलं. कुणी सांगितलं, तिच्या सुनेला सातवा आहे. कुणी म्हणालं, दैवशालानं पाठवलेलं माणूस बी तिच्यासारखंच निघालं बघा. सोन्यासारखं काम झालं, आणि ते सगळं तिच्या नावावर गेलं. मी ते माझ्या कानांनी ऐकत होते. 

निघताना चांगुणाबाईनं माझी ओटी भरली. भरता भरता थांबली. "तू कोन तिची?"

"मोठी जाऊ."

तिचा हात तांदळात तसाच राहिला. "मंडपावाली?"

"हो."

"मंग परवा फोनवर हूं हूं करून राह्यल्ती ती..."

"मीच होते, मावशी. माझं मौन होतं."

ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मला वाटलं लाजेल, माफी मागेल. तसं काही झालं नाही.

"मौन होतं तर फोन कशाला उचलला बाई?" ती म्हणाली.

तिनं ओटी पुरी केली आणि मी पदर सावरून टेम्पोत जाऊन बसले. 

दुपारी तीनला दैवशाला परत आली. तिला स्टँडवरच रामप्रसाद भेटला होता. ती घरी न जाता तशीच पिशवी घेऊन माझ्या दारात आली. हे गोळी घेऊन निजले होते. मी तिला आत ये म्हणाले. ती उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"बाई, चांगुणाबाईच्या मळ्यात तुम्ही माझ्या नावानं गेल्ता का तुमच्या?"

"तुझ्या."

"फोन कधी आल्ता?"

तिला काहीही सांगता आलं असतं. सकाळी आला म्हणाले असते तर तिनं माझे पाय धरले असते. तशी ती आहे.

"गुरुवारी," मी म्हणाले. "तू विचारलंस त्याच्या आदल्या दिवशी. मी खोटं बोलले. तुझी गाडी जाऊ नये असं मला वाटत होतं."

दैवशालानं पिशवी खाली ठेवली. बराच वेळ ती काही बोलली नाही. मी इतकी वर्षं मौन पाळते, पण दुसऱ्याचं मौन एवढं जड असतं हे मला माहीत नव्हतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. राग आला होता, आणि तो तिनं लपवला नाही.

"पाळणा न्हवता," ती म्हणाली. "मंग लेकरू कशात निजवलं?"

"झोळी बांधली."

"कशाला?"

"पायपांना."

"गाठ कोणती मारली?"

मी सांगितलं.

"वजन ठेवून पाहिलं होतं का आधी?"

"अर्धं पोतं गहू."

तिनं मान हलवली. काम तिच्या मनासारखं झालं होतं, तेवढं तिनं मान्य केलं. माझं वागणं नाही. मग ती हळू पण स्पष्ट बोलली. "आप्पांचा नंबर सकाळच्या वक्ताला माझ्या मोबाईलवर वळवून द्या. तुमचं मौन सुटलं की परत घ्या. लग्नाचं काम आलं तर मी तुम्हाला तसंच सांगल, आजवर सांगत आले तसं. तुम्ही मला सांगाल ह्याचा भरोसा मला आता न्हाई राह्यला."

आप्पांचा नंबर. थोरल्या घराची तेवढीच खूण उरली होती. हे उठल्यावर ह्यांना सांगितलं, सगळं सांगितलं. हे चिडले, नंबर द्यायचा नाही म्हणाले. मी त्यांच्याशी कधी वाद घालत नाही. त्या दिवशीही घातला नाही. फक्त म्हणाले, मग मला मौन सोडावं लागेल, कारण दोन्ही एकदम मला जमत नाही. त्यावर त्यांनी मोबाईल माझ्यापुढं सरकवला.

आता सकाळी माझ्या देवघरात फोन वाजत नाही. भिंतीपलीकडं वाजतो. दैवशालाचं हसणं ऐकू येतं, हो मावशी, आणते मावशी, आणि पोथीची ओळ माझ्या हातून सुटते. मग परत वरपासून वाचते. मत्सर गेला असं मी म्हणणार नाही. देवापुढं बसून ते म्हटलं तर चौथं खोटं होईल.

पंधरा दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. बेलाची पानं आणायची, पण माझ्या हातात न देता कट्ट्यावर ठेवून जायची. गेल्या मंगळवारी दहानंतर भिंतीवरून डोकावली.

"माझ्या समद्या खुर्च्या बाहेर हायत," ती म्हणाली. "बुद्धविहारात वर्षावासाचं वाचन चालू हाय, पावसाळाभर असतं ते. म्हाताऱ्या माणसांना खाली बसवत न्हाई. तातेराव गुरुजींना अकरा खुर्च्या पाहिजे, रोज दोन तास, पौर्णिमेपर्यंत. तुमच्या मखमलीच्या चालतील का विचारलं. चालतील म्हणाले. जमल का तुम्हाला?"

ती विचारत होती तेव्हा माझ्याकडं पाहत नव्हती, भिंतीवरच्या मुंग्यांकडं पाहत होती.

जमेल म्हणाले. हे म्हणाले, अकरा खुर्च्यांसाठी टेम्पो? मी म्हणाले, टेम्पो कशाला, हातगाडी आहे ना, विहार काही लांब नाही. त्यांनी हातगाडीच्या चाकात हवा भरून दिली.

विहाराच्या दारात तातेराव गुरुजी उभे होते. पांढरे कपडे, हातात चष्मा. रिटायर होऊन दहा वर्षं झाली तरी गाव त्यांना गुरुजीच म्हणतं. आत म्हाताऱ्या बाया भिंतीला टेकून बसल्या होत्या. गुरुजींनी माझ्या मागं पाहिलं.

"दैवशालाताई नाही आल्या का?"

नेहमीच्या जागी दुखलं. दुखू दिलं.

"तिच्या खुर्च्या दुसरीकडं गेल्यात, गुरुजी," मी म्हणाले. "मी उषाबाई. रोज मीच येईन. ज्यांना उठता-बसता येत नाही त्या आजी कोणत्या? त्यांची आधी मांडते."